फळीवर उरलेला जोड

ही घटना खरी आहे. पटवून द्यायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि आता तेवढी ताकदही नाही. माझ्याच नवऱ्याबद्दल आहे, मग खोटं कशाला बोलू?

राखीव जंगलाच्या फाटकाशी आमचं बूट भाड्याने द्यायचं दुकान होतं. हिवाळ्यात बर्फावर चालायचे बूट, पावसात गमबूट, उन्हाळ्यात डोंगर चढायचे. लोक म्हणायचे, "किती छान, बारा महिने जंगलात राहता." बारा महिने दुसऱ्यांच्या बुटांचा चिखल धुऊन बघा म्हणावं.

पद्धत साधी होती. आमचे बूट घालून जायचं, आपले दाराजवळच्या फळीवर ठेवायचे. "अनवाणी कुणी पळून जात नाही, बाईसाहेब," हे म्हणायचे. मला चिडवायचं असलं की मी बाईसाहेब.

संध्याकाळी फळी रिकामी झाली की दुकान बंद. जोड उरला, तर माणूस अजून आत आहे. मग हे स्वतःचे बूट फळीवर ठेवायचे, भाड्याच्यातला एक जोड चढवायचे आणि शिट्टी वाजवत शोधायला निघायचे.

पहिल्यांदा ते घडलं बर्फाच्या दिवसांत. आमचे सगळे बूट कपाटात परत आले होते. म्हणजे जंगलात कुणीच नव्हतं.

पण फळीवर एक जोड होता...

तपकिरी. एका बुटाला नाडीऐवजी सुतळी. आतून ओलाचिंब.

"कुणीतरी विसरलं असेल," मी म्हणाले.

"बर्फात? पायातले बूट?"

हे गेले. अंधार पडल्यावर आले. कुणीच नव्हतं. स्टुलावर बसून म्हणाले, "संपलो गं." रोजचंच वाक्य होतं ते.

सकाळी मी कुलूप उघडलं, तर फळी रिकामी...

मग पावसाळ्यात तोच जोड. उन्हाळ्यातही तोच. ठेवताना आम्ही कुणालाच पाहिलं नाही.

वनरक्षकाला सांगितलं. तो हसला. "वहिनी, तुम्ही दोघं दमलायत. सुट्टी घ्या."

जंगलाला कुठली सुट्टी?

दमलो होतो हे मात्र खरं. यांचे गुडघे कामातून गेले होते, खोकला हटत नव्हता. लेक म्हणत होती, बास झालं, माझ्याकडे या. मला एवढंच हवं होतं, की हा माणूस तिथून धडधाकट बाहेर पडावा. एकदा तर मी दारात आडवी उभी राहिले.

"आपले सगळे बूट जागेवर आहेत. आत कुणी नाहीये. कशाला जीव काढताय?"

हे नाडी बांधत होते. "आणि खरंच कुणी असलं तर?"

मी दारातून बाजूला झाले.

शेवटी दुकान दुसऱ्याला दिलं. मागच्या हिवाळ्यातली ती शेवटची संध्याकाळ. सामान गाडीत भरून झालं होतं. मी फळी पुसायला वळले आणि...

तपकिरी जोड.

"आज नको," मी म्हणाले. "आता हे आपलं काम नाही."

"किल्ली देईपर्यंत आपलंच." त्यांनी आपले काळे बूट काढून फळीवर ठेवले. डावी टाच पार झिजलेली. "शेवटचा फेरा. चहा टाक."

मी चहा टाकला. बाहेर शिट्टी ऐकू येत होती. लांब. मग आणखी लांब.

मग थांबली...

चहा उतू गेला तरी मी कानात प्राण आणून उभी होते. तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. खिडकीतून पाहिलं, हे गाडीत बसलेले. माझा जीव भांड्यात पडला. दिवा मालवला, फळीकडे न बघताच कुलूप लावलं आणि घाईघाईने गाडी सुरू केली.

"सापडलं का कुणी?"

"हो. बाहेर पडला तो."

"दमला असाल."

"मी? अजिबात नाही."



लेकीच्या दारात उतरताना दिव्याचा उजेड त्यांच्या पायांवर पडला...

तपकिरी बूट. एकाला सुतळी.

"अहो, तुमचे बूट?"

"हेच की माझे," ते म्हणाले आणि आत गेले.

आता गुडघे दुखत नाहीत. खोकला गेला. लेक खूश आहे, "बाबा किती सुधारले गं, आई." जेवतात, फिरतात, शांत झोपतात. पण "संपलो गं" म्हणत नाहीत. मी मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन घरात येते, तरी बाईसाहेब म्हणत नाहीत.

काल दुकानाच्या नव्या मालकाचा फोन आला.

"काकू, एक काळा जोड रोज संध्याकाळी फळीवर उरतो. सकाळी नसतो. डावी टाच झिजलेली. तुमच्या ओळखीचा आहे का?"

मी विचारलं, "आत जाऊन बघितलंत?"

"कशाला? आम्ही दिलेले सगळे बूट परत आलेत की."

मी फोन ठेवला. समोर यांच्या खुर्चीत बसलेल्या त्याने विचारलं, "कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले.

माझेही गुडघे आता साथ देत नाहीत. एकटीने जायची भीती वाटते. तरी उद्या जाते आहे. जुनी शिट्टी त्यांच्यासोबतच गेली, म्हणून नवी आणून ठेवली आहे.

खरंच कुणी असलं तर?