बसकर

तिवरघाटाच्या माथ्यावरच्या नाक्यावर डॉ. शर्वरी केळुसकर उभ्या होत्या, आणि समोरच्या मालट्रकच्या केबिनमधून एक अख्खा संसार खाली उतरत होता. आधी हिरामण शेवाळे, मागून कडेवर तान्हं घेतलेली त्याची बायको मंदा, मग ओवी आणि तिचा धाकटा भाऊ. आत स्टोव्ह होता, दोरीवर झबली वाळत होती. नव्हतं ते फक्त स्टिअरिंग.

स्टिअरिंग जाऊन बरीच वर्षं झाली होती. मालट्रक आपले आपण धावत. घाटात ब्रेक निकामी झाले आणि समोर कोणी आलं, तर यंत्रापुढे प्रश्न एकच: समोरच्याला उडवायचं की स्वतः दरीत जायचं? केबिन रिकामी, त्यामुळे ट्रक मुकाट दरीत जाई. माणूस वाचे, माल मातीत जाई. मालकांनी बोंब ठोकली. तेव्हा मालवाहतूक नियमन आयोगाने नवा नियम केला, आणि तो लिहिला शर्वरीबाईंनी. दोन्ही गाड्यांत किती हृदयं धडधडताहेत ते रडारने क्षणात मोजायचं. याचं नाव जीवमोजणी. जिकडे जीव जास्त, ती गाडी वाचवायची. गरीब असो, श्रीमंत असो, म्हातारा असो की तान्हं, प्रत्येकाचा अंक एक. बरोबरी झाली, तर ट्रकने रस्ता सोडायचा नाही. इतका न्यायी नियम देशात दुसरा नसेल, असं बाईंना मनापासून वाटे.

पण मालक कसले वस्ताद! त्यांनी प्रत्येक ट्रकमध्ये पगार देऊन एक माणूस बसवला. चालवायचं नाही, माल उतरवायचा नाही, नुसतं जिवंत बसायचं. लोक त्याला बसकर म्हणू लागले. नोकऱ्या गेलेल्या ड्रायव्हरांना तेवढाच आधार झाला. पुढे बसकर बायकापोरांनाही सोबत आणू लागले, आणि त्याचाच बंदोबस्त करायला बाई आज स्वतः घाटात आल्या होत्या.

"उद्यापासून केबिनमध्ये मुलांना बंदी," त्या हिरामणला म्हणाल्या. "तसा हुकूम नाक्यावर लावायलाच आलेय मी."

"लावा की. पर मग मी एकटा उरतो, म्याडम. समोरनं फटफटीवर नवराबायको आले, तर त्ये दोन अन् मी एक. गाडी मला घेऊन दरीत. हिचा भाऊ तसाच गेला."

"पोरं घरी ठेवून मी यांची वाट बघत बसू व्हय?" मंदा म्हणाली.

मुलांचा अंक अर्धा केला तर? बाईंच्या मनात आलं. पण मग शाळेची बससुद्धा अर्धीच मोजली जाणार. तो विचार त्यांनी तिथेच सोडला.

"आणि तुमचे मालक काय म्हणतात?"

"मालक खूश हाय. म्हणतो, पोरं जागा कमी घेतात अन् मोजणीत पुरी भरतात. तान्ह्याला दूधभत्ता देतो. परवा इचारत होता, पोटातलं धरतात का म्हणून."

"अहो, माणसं आहात की तराजूतली मापं?" बाई संतापून म्हणाल्या. राग कोणाचा, ते मात्र त्यांना नेमकं सांगता आलं नसतं.

"आमी कुठं मोजतो, बाई? मोजतं त्ये यंत्र," मंदा शांतपणे म्हणाली.

बाईंनी हुकुमाचा कागद घडी घालून परत पर्समध्ये टाकला. आयोगापुढे विषय पुन्हा मांडते, म्हणाल्या, आणि आपल्या गाडीकडे वळल्या. गाडी चालकाविना चालणारी, सरकारी. मंदाने सहज आत डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! एकट्याच आलात? अन् ह्या घाटानं उतरणार?"

मागे एक ट्रक सुटायच्या तयारीत होता. खिडकीत एकटाच बसकर, मांडीवर डबा उघडून भाकरी खात होता. बाईंशी नजरानजर होताच त्याने हसून हात केला.

"त्यो येईल तुमच्या मागनं," मंदा म्हणाली. "त्यो एक, तुमी एक. ब्रेक गेला तर त्यो काय रस्ता सोडायचा नाय. असं करा, आमच्या ओवीला न्या पायथ्यापर्यंत. आमी चौघं बास हावोत. खाली टपरीपाशी सोडा, आमी घेतो तिला. जा गं, म्याडमसंगं."

नको म्हणायला शर्वरीबाईंनी तोंड उघडलं. ओवी बसली की आपण दोन, आणि मागचा तो भाकरी खाणारा माणूस एक. हिशेब त्यांचाच होता, त्याला कागद-पेन लागत नव्हतं.

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. बाईंनी शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मागे टाकली.

"ये, बाळ," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

ओवीने सराईतपणे पट्टा लावला. गाडी पहिल्या वळणाला लागली, तसं तिने बाईंच्या घट्ट आवळलेल्या मुठीकडे पाहिलं आणि समजूत घातली,

"घाबरू नका, काकू. आपल्याला काय पण करायचं नसतं. नुसतं बसायचं."