माघ्याच्या राबातली वही

पोलीस पाटील नवसू याने काठीच्या टोकाने राख बाजूला सारली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. राखेखाली वहीची तारेची गुंडाळी होती. तारेला काही पाने अजून चिकटलेली होती.

"हीच," रविना म्हणाली.

एप्रिल २००३ चा तो अखेरचा आठवडा. आदल्या दिवशी खोडाळ्याचा बाजार असल्याने सारा पाडा ओस पडला होता. त्याच दुपारी पोशीच्या घरातून तिच्या मुलीची, रविनाची, वही नाहीशी झाली. आणि त्याच दुपारी माघ्याचा राब, म्हणजे नागलीच्या रोपांसाठी शेण, फांद्या, पाला व वर माती रचून ठेवलेला वाफा, मालकाच्या नकळत कोणीतरी पेटवला.

"एका वहीसाठी एवढं काय पोरी? मला समजेल असं सांग."

"काका, माझ्या शाळेची पदविका परदेशातल्या विद्यापीठांतही चालते. पण नुसते सहा विषय पास होऊन ती मिळत नाही. चार हजार शब्दांचा स्वतःचा निबंध लागतो. ज्ञान म्हणजे काय, यावर आणखी एक. शिवाय कला, खेळ आणि सेवा यांचे दीडशे तास. सेवेचे पन्नास तास मी सुट्ट्यांत इथं केले, बायांना वाचायला शिकवून. प्रत्येक नोंदीखाली आपल्या पाड्याच्या शाळेतल्या सुदर्शन गुरुजींची सही आहे. तीस तारखेपर्यंत वही पोचली नाही, तर बाकी सगळं असून पदविका नाही."

"दुसरी प्रत?"

"नाही."

पोशीचा धीर सुटला. "इचारता काय पाटील? राब कुनाचा? माघ्याचा. दोन वर्सां बांधावरून आमच्याशी भांडतोय. आधी त्याचा हात मोडा, मंग इचारा."

माघ्या तिथेच उकिडवा बसला होता. नवसूने त्याच्याकडे मोर्चा वळवला.

"काल दुपारी कुठं होतास?"

"बाजारात. कोंबड्या इकत."

"कोणी पाहिलं?"

"कोंबड्यांनी."

"माघ्या, थट्टा नको. पोशीशी वैर आहे?"

"हाय. मरंपर्यंत राहील. पन तिच्यापायी मी माजाच राब असा नासवीन? दोन महिने झाडावर चढून फांद्या तोडल्यात, पाटील."

नवसूने राबाला सावकाश प्रदक्षिणा घातली. पश्चिमेच्या कडेला आगकाडीची तीन जळकी टोके पडली होती. त्या बाजूच्या बांधावरचे गवत शाबूत होते. पूर्वेच्या बांधावरचे मात्र होरपळले होते. त्याने राखेत बोटे घातली. वरचा बोटभर थर काळा, खालचा पाला जवळजवळ तसाच. एप्रिलातल्या प्रत्येक दुपारप्रमाणे वारा पश्चिमेकडून वाहत होता.

मग तो पोशीच्या घरी गेला. खुंटीवरच्या पिशवीत रंगीत वेष्टनाचा, टंकलिखित निबंध जसाच्या तसा होता.

"हा चोराने का सोडला?"

"त्याची प्रत शाळेने कधीच पुढे पाठवली, काका. तो गेला असता तरी बिघडलं नसतं."

"हे कोणाला ठाऊक होतं?"

"आईला. आणि गुरुजींना. काय काय द्यायचं राहिलंय, म्हणून त्यांनी परवाच विचारलं होतं."

"त्यांचा मुलगा भावेशही त्या शाळेतल्या जागेसाठी तुझ्याबरोबर मुलाखतीला होता ना?"

"होता. मग त्याचं नाव कापलं गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवसूने सर्वांना पोशीच्या न पेटलेल्या राबाजवळ बोलावले. गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात आले. जव्हारला तीन पिढ्या सरकारी पगारावर काढलेले ते घराणे. नवसूने आगपेटी आदराने त्यांच्यापुढे धरली.

"गुरुजी, शुभहस्ते होऊ द्या."

गुरुजी प्रसन्न झाले. आढेवेढे न घेता पश्चिमेच्या कडेला जाऊन बसले आणि काडी ओढू लागले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"गुरुजी," पोशी म्हणाली, "राब हाय, होळी नाय."

"माघ्या, तू लाव," नवसू म्हणाला.

माघ्याने काडेपेटी घेतली आणि विचारही न करता पूर्वेच्या टोकाला गेला.

"बघा," नवसू म्हणाला. "वारा जिकडे जातो, त्या टोकाला राब पेटवतात. जाळ वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकतो, माती खोलवर भाजते, तण मरतं. पाड्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. माघ्याच्या राबाला मात्र पश्चिमेकडून काडी लागली. वाऱ्यानं जाळ वरच्यावर पळवला, पूर्वेचा बांध होरपळला आणि खालची वहीची पानं वाचली. म्हणजे पेटवणारा शेतकरी नव्हे. आता वहीचं पाहा. चोरानं देखणा निबंध सोडून मळकी वही नेली. तिचं मोल तिघांना ठाऊक: रविना, पोशी आणि गुरुजी. त्यातल्या दोघी राब भाजणाऱ्या. राब माघ्याचा निवडला, संशय त्याच्यावर जावा म्हणून. ते वैर जवळून जाणणारा, बांधाच्या भांडणात मध्यस्थी करणारा कोण? गुरुजी, बाजाराच्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

"शाळेत. पेपर तपासत."

"शाळेला तर बाजाराची सुट्टी होती. किल्ली माझ्या घरी होती."

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"हिनं माझ्या मुलाचा जन्म फुकट घालवला! ती जागा भावेशची होती."

"जागा पगार नसलेल्या घरच्या मुलासाठी राखीव होती," रविना शांतपणे म्हणाली. "तुम्ही त्याला शेतकऱ्याचा मुलगा दाखवलंत. मुलाखतीत मला विचारलं, मी खरं सांगितलं. दोन काड्या विझल्या होत्या, गुरुजी. तिसरी ओढलीच नसती तर चाललं असतं."

"ठाण्यात नेऊ?" नवसूने विचारले.

"नको. मी सकाळी खोडाळ्याहून माझ्या शाळेला फोन केला. सही करणाऱ्यानं नोंदी स्वहस्ते पुन्हा लिहिल्या आणि पहिली वही का नाही याचं कारण दिलं, तर त्या चालतात."

ओसरीवर कोरी वही उघडली गेली. वाचलेल्या नऊ नोंदी समोर ठेवल्या. बाकीच्यांसाठी बायका एकेक पुढे आल्या.

"मी त्या दिशी रेशनकार्ड वाचलेला. लिवा."

"मी सही शिकले. लिवा, गुरुजी."

"माज्या फांद्या कोन तोडल, ता पन लिवा," माघ्या म्हणाला. तेही ठरले, उद्या उजाडताच गुरुजींनी झाडावर चढायचे.

ऊन कलले. गुरुजींनी शेवटचे, कारणाचे पान भरले आणि सही केली. रविनाने ते उभ्याने वाचले व वही परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"पोरी, याहून जास्त लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"'हरवली' नव्हे, गुरुजी. 'मी जाळली' असं लिहा. आणि सही पुन्हा करा."

गुरुजींनी तो शब्द खोडला.