आपण किती जण?

“तुम्ही” म्हणायचं नाही, “आपण” म्हणायचं, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं. साथ आल्यापासून तिचं काम एकच. यादीतल्या घरांना फोन लावायचा आणि विचारायचं, “आपण घरात किती जण आहोत? कुणाला खोकला?” “तुम्ही” म्हटलं की माणसं बिथरतात, “आपण” म्हटलं की भडाभडा बोलतात. रोज साठ-सत्तर फोन. तो शब्द तिच्या तोंडात इतका बसला की ती नवऱ्यालाही विचारायची, “आपण अंघोळ केली का?”

“मी केली,” तो म्हणायचा. “तुझं तू बघ.”

शहर सोडलं ते बिट्टीसाठी. सात वर्षांची पोर, छाती जन्मापासून नाजूक. जिना चढली तरी धाप लागायची. शेजारच्या दोन दारांना पाठोपाठ कुलपं लागली, तेव्हा नवऱ्याने गावाबाहेरचं एक बसकं, तीन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. टेम्पोतलं सामान उतरवून होईपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडले होते. रिकाम्या घराकडे बघून ती सवयीने म्हणाली, “चला, आता आपण सगळ्यांनी इथेच राहायचं.”

“सगळ्यांनी म्हणजे? तीन तर टाळकी आपण,” नवरा हसला.

चौथ्या दिवशी बिट्टीचा खोकला थांबला. छातीतली घरघरही गेली. हवा मानवली, असं दोघांनी एकमेकांना सांगितलं, आणि कितीतरी महिन्यांनी ती स्वतःही पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, ती कुणाशी तरी फोनवर बोलत असताना मागच्या खोलीत कुणीतरी खोकलं. तीन कोरडे ठसके, मग शिट्टीसारखा श्वास. हा खोकला तिने सात वर्षं उशाशी ऐकला होता. तिने खिडकीतून पाहिलं. बिट्टी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

मागच्या खोलीत नुसती रिकामी खोकी होती. उंदीर म्हणावं, तर उंदीर खोकत नाही. नवऱ्यानेही तो आवाज ऐकला. त्याने खोलीला बाहेरून कडी घातली आणि त्या विषयावर अळीमिळी गुपचिळी. दुसऱ्या दिवशी कडी जशीच्या तशी होती. आत खोक्यांवर बिट्टीची जुनी चादर अंथरलेली होती, आणि तिने हात लावला तर ती कोमट लागली.

“बिट्टे, त्या खोलीत कोण असतं गं?”

“आपल्यातलीच आहे ना,” बिट्टी म्हणाली. “तूच तर म्हणालीस.”

एका सकाळी तिचा धीर सुटला. कडी काढून ती उंबऱ्यात उभी राहिली. “हे बघ, इथे आम्ही तिघं राहतो. आम्ही. तू नाहीस.”

खोकला तोडल्यासारखा थांबला.

अंगणात दोरी पडल्याचा आवाज झाला. ती धावली. बिट्टी मातीत बसली होती, ओठ निळसर, छाती भात्यासारखी वरखाली.

लेकीच्या काळजीने ती इतकी थकली होती की भ्यायलाही त्राण उरलं नव्हतं. ती पुन्हा त्या दाराशी आली.

“बरं बाई. आपण,” ती म्हणाली. “आपण चौघं.”

आत खोकला सुरू झाला. बाहेर बिट्टीने दोरी उचलली.

दुपारी साहेबांचा फोन आला. कर्मचाऱ्यांच्या घरांचीही नोंद करायची होती.

“किती जण?”

“चौघं.”

“खोकला?”

“एकीला.”

“वय?”

फोन कानाला लावून ती मागच्या खोलीसमोर उभी राहिली. तिने तोंड उघडलं नव्हतं. घरात कसलाच आवाज नव्हता.

“सात. हो, ऐकलं,” साहेब म्हणाले. “चुणचुणीत आहे हो. आणि तुमची ती मुलगी?”

“तीही सात.”

“जुळ्या? कधी बोलला नाहीत.”

बाहेर दोरी जमिनीवर आपटत होती, एकसारखी, न थांबता.

“हो,” ती म्हणाली. “जुळ्या.”

दाराच्या आतल्या बाजूने, अगदी तिच्या कमरेच्या उंचीवर, कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.