टीव्हीवरची मोठी अक्षरं

"वीस फूट वायर द्या," करुणा दुकानदाराला म्हणाली. "लॅपटॉप टीव्हीले जोडायचा हाय."

सौसरच्या त्या दुकानात शेजारीच एक तरुण उभा होता – मोहगावकडच्या शाळांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सुमेध. त्यानं हातातला माउस खाली ठेवला.

"एवढी लांब वायर कायले?"

"टीव्ही भिंतीवर, आईची खाट दाराजवळ. तिले कमी दिसते."

"मंग वायर घेऊच नका. पाय अडकून पडतीन त्या."

करुणानं मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. न पाहिलेल्या आईची काळजी करणारा हा कोण...

"मंग काय करू?"

"बिनावायरचं जमते. टीव्ही कोणता हाय ते सांगा... अन् मंग तुमचं नाव."

"टीव्हीचं सांगते," ती हसू दाबत म्हणाली.

करुणाची आई चंद्रकलाबाई. जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचायला शिकायचं मनावर घेतलं. नगरपालिकेतल्या कामावरून आल्यावर करुणा रोज शिकवायची. पण पुस्तकातली काय, छोट्या लॅपटॉपवरची काय, अक्षरं आईला मुंग्यांसारखी दिसत. "राहू दे बाई आता," म्हणून तिनं चार दिवसांपूर्वी पाटी बाजूला सारली होती.

रविवारी सुमेध आला. "जय भीम, मावशी." लॅपटॉप आणि टीव्ही त्यानं एकाच वायफायवर घेतले, रिमोटनं काहीतरी शोधलं. टीव्ही काळा झाला... आणि लॅपटॉपचा अख्खा पडदा भिंतीवर उमटला. करुणानं हातभर उंचीचा 'चं' लिहिला. आई खाटेवरून उठली, जवळ गेली, त्या अक्षरावरून तिनं बोट फिरवलं.

"हे तं माह्यं हाय."

करुणानं एक संत्रं सोलून सुमेधच्या हातावर ठेवलं. बोटांना बोटं लागली.

"एकच?"

"दुसरं पुढच्या रविवारी."

त्या हिवाळ्यात त्यानं एकही रविवार चुकवला नाही. आईला शब्द टाइप करून द्यायचा, वाचून घ्यायचा.

"आज काय बिघडलं?" करुणा दारातच विचारायची.

"अजून नाई. पण बिघडू शकते... म्हणून आलो."

असाच एक रविवार. करुणा आत चहा टाकत होती. बाहेरून आईचा वाचनाचा आवाज येत होता, एकेक अक्षर जोडत –

"मा-व-शी... म-ले... क-रु-णा... आ-व-ड-ते..."

करुणाचा हात थांबला.

"ति-ले... वि-चा-रू... का?"

आई अक्षरांच्याच नादात होती. अर्थ मागाहून पोचला. तिनं पुन्हा मनातल्या मनात वाचलं.

"बापू, हे मले कायले वाचाले लावलं?"

"पयले तुम्हाले विचारायचं होतं मावशी," सुमेध खाली मान घालून म्हणाला. "अन् मधात दुसरं कोणी नको."

करुणा दाराशी येऊन उभी होती. दवाखान्याचा कागद असो की राशनचा, आईला तो नेहमी दुसऱ्यानं वाचून दाखवलेला. आज घरातली एवढी मोठी गोष्ट आईनं सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती. या माणसाचे आभार कोणत्या तोंडानं मानायचे... पण नुसते आभार मानण्यासाठी कोणी सहा दिवस रविवारची वाट पाहत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"विचार बाबा," आई म्हणाली. "पण तिनंबी लिहूनच सांगावं. मी वाचते."

पदराला हात पुसत करुणा सुमेधशेजारी बसली. त्यानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिनं दोन बटणं दाबली. भिंतीवर अक्षर उमटायला क्षणभर उशीर झाला... तेवढ्या वेळात त्यानं तीनदा तिच्याकडे पाहिलं.

"हो," आईनं वाचलं – या वेळी न अडखळता.