नर्सबाई वास घ्यायला येते

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी पदरचं काहीही घातलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

ही माझ्या बायकोच्या आत्याची गोष्ट. आत्या थापा मारणाऱ्यांतली नाही. खोटं बोलायची वेळ आली की तिला आधी स्वतःलाच हसू फुटतं. आणि माझी बायको म्हणाल, तर भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की ती जांभया देते. तिची बोबडी वळते ती फक्त झुरळ दिसलं की.

त्या संध्याकाळी ती आत्याच्या स्वयंपाकघरात होती. थंडीचे दिवस होते, बाहेर नुकताच अंधार पडायला लागला होता.

तेव्हापासून ती जांभया देत नाही.

आत्याचं घर एका लांबट गल्लीत आहे. गल्लीच्या एका बाजूला घरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला...

काही नाही.

पत्र्याचं कुंपण आहे. कुंपणामागे नुसती काळी जमीन, मधेच एखाद्या न्हाणीघराच्या फरश्या, कुठे तीन पायऱ्या, ज्या कुठेच जात नाहीत. पूर्वी तिथे घरांची अख्खी रांग होती. गल्लीखालून गॅसची मोठी पाइपलाइन जायची. ती फुटली. लोकांनी आधी तक्रारी केल्या होत्या, फोन केले होते, "माणूस पाठवतो" असं उत्तरही मिळालं होतं. माणूस आला तो सगळं झाल्यावर, हेल्मेट घालून.

आत्या कपड्यांची शिलाई करते. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल, कुणाच्या कोटाचं अस्तर बसव. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेला. दिवसभर ती आणि मशीन. आणि एका जुन्या तापात तिची वासाची शक्ती गेली, ती कायमचीच. दूध नासलं तरी तिला कळत नाही. इस्त्रीखाली कापड जळलं तरी धूर डोळ्यांत जाईपर्यंत पत्ता नसतो.

समोरच्या रांगेत नर्सबाई राहायची. तीही एकटीच. मोठ्या हॉस्पिटलमधून निवृत्त झालेली, स्वभावाने कडक, आणि नाक असं तिखट की जखम चिघळतेय हे पट्टी सोडायच्या आत सांगायची. पण कानांनी तिला दगा दिला होता. अगदी ठार बहिरी. समोरच्याच्या ओठांकडे बघून तिला सगळं कळायचं, म्हणून कुणी मान खाली घालून बोललं की ती खेकसायची, "तोंड दाखव आधी."

या दोघींचं जमलं ते असं. नर्सबाईच्या दारावर कुणी आलं, तर आत्या खिडकीतून हातवारे करून तिला सांगायची. आणि रोज दिवेलागणीला नर्सबाई गल्ली ओलांडून आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायची. नाक आत खुपसून जोरात वास घ्यायची. मग निकाल द्यायची. "दूध फेक." "गॅसचं बटन नीट बंद कर." आणि बहुतेक वेळा, "ठीक आहे."

हे शेवटचं ऐकलं की आत्याचा दिवस संपायचा. गल्लीतली पोरं हसायची. "एकीचं नाक, दुसरीचे कान, दोघी मिळून एक बाई." आत्यालाही ते आवडायचं.

त्या दिवशी दुपारपासून आत्याला एक आवाज येत होता.

सूऽऽऽ... सूऽऽऽ...

गल्लीच्या कडेला, जमिनीतून. तिने मशीन थांबवून पुन्हा ऐकलं. आवाज होताच. तिने नर्सबाईला हाताने बोलावलं, तोंड दाखवून सावकाश सांगितलं, "जमिनीतून सूऽ असा आवाज येतोय. गॅस आहे का बघ."

नर्सबाई वाकली. गल्लीच्या कडेने चालत वास घेतला. परत आली, हातातल्या रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पाण्याची लाइन असेल."

आत्या निर्धास्त झाली. तयार कपडे पिशवीत भरून ती मोठ्या रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाकडे द्यायला गेली.

मागे प्रकाश झाला. आवाज नंतर आला.

नर्सबाईच्या घराचं काही उरलं नाही. नर्सबाईचंही नाही.

रुमाल आत्याला फार दिवसांनी आठवला. नर्सबाईचा आवाज त्या दिवशी कसा कोंदलेला होता, तेही आठवलं. तिला सर्दी झाली होती. आदल्या रात्री ती वाफ घेत होती, हे आत्याने खिडकीतून पाहिलंसुद्धा होतं. पण जन्मभर नाकाच्या जोरावर जगलेली बाई. "आज मला वास येत नाहीये" हे तिच्या तोंडून निघालंच नसेल. आणि तिने ठीक म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचं, हे आत्याच्या मनातही आलं नाही.

आत्याच्या घराची तावदानं फुटली, एक भिंत तडकली. डागडुजी झाल्यावर ती परत तिथेच राहायला आली. आमचं घर आहे, माझ्या सासऱ्यांचं आहे, सगळे ये म्हणत होते. ती कुणाचं ऐकेल तर शपथ. गल्लीत बाकीचे लोक हळूहळू घरं सोडून गेले. शेजारच्या घराला कुलूप. त्याच्या शेजारच्या घराला कुलूप. रस्त्यावर दिवे लागायचे, पण त्यांच्याखालून कुणी जायचं नाही. आत्या दिवसदिवस कुणाशी बोलायची नाही. दुकानात "दोरा द्या" म्हणताना स्वतःचाच आवाज तिला परका वाटायचा.

अशाच एका संध्याकाळी ती कोटाला बटणं लावत बसली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी...

कुणीतरी जोरात वास घेतला.

तिला वाटलं, कुत्रं असेल. उठून पाहिलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच वेळी. कुत्रं एवढ्या उंच पोचत नाही. तिसऱ्या दिवशी तिने आतून कडी लावली, रेडिओ मोठा केला आणि मधल्या खोलीत जाऊन बसली.

मग दाराच्या फटीशी वास घेतल्याचा आवाज आला. सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या गल्लीत आता गॅसच नव्हता. कंपनीने लाइन कायमची बंद केली होती. आत्या विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करायची. मग खिडकीशी येणारं ते वास घेत होतं तो कशाचा?

हे सगळं आत्याने आम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आम्हाला एवढंच कळत होतं की तिन्हीसांजेला फोन केला की ती उचलत नाही. शेवटी माझी बायको म्हणाली, "मी जाऊन तिला घेऊनच येते. बॅग भरायला लावते." आणि गेली.

दुपारभर दोघी बोलत बसल्या. बॅगेचा विषय काढला की आत्या चहाचा विषय काढायची. बाहेर अंधारायला लागलं तशी आत्याने मशीन थांबवली, उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथला दिवा मालवला.

"अगं, दिवा का मालवलास?" बायकोने विचारलं.

"गप्प बस जरा," आत्या म्हणाली.

दोघी अंधारात उभ्या राहिल्या. फ्रिजची घरघर थांबली. गल्लीत इतकं शांत होतं की लांबच्या मोठ्या रस्त्यावरची एक गाडी गेलेली कळली.

मग कुंपणाचा पत्रा हलला...

गल्लीतून पावलं आली. चपला घासत चालणाऱ्या बाईची.

खिडकीशी थांबली.

आणि काचेला नाक लावून कुणीतरी वास घेतला. एकदा. पुन्हा. पुन्हा. माझ्या बायकोने पाहिलं, काचेवर बाहेरून वाफ धरली होती, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. वाफेमागे रस्त्यावरचा दिवा दिसत होता. मधे कुणीच नव्हतं.

मग पावलं परत गेली.  आत्याने बायकोला पाणी आणून दिलं.

"घाबरू नको," आत्या म्हणाली. "नर्सबाई आहे."

"ती... काय करतेय?"

"तपासतेय. त्या दिवशी चुकली ना ती. आता रोज तपासते. पण ठीक आहे म्हणत नाही गं. एकदाही म्हटलेलं नाही. तिचा विश्वासच उडालाय स्वतःवरचा."

माझ्या बायकोला भीती वाटत होती, पण ते ऐकून तिला रडूही आलं. "मग तू सांग ना तिला. तुझी चूक नव्हती म्हणून सांग."

"तिला ऐकू कुठे येतं?"

 रात्रभर बायकोला झोप लागली नाही. पण ती हुशार आहे, आणि हट्टीही आहे, हे मी लग्नापासून अनुभवतोय. सकाळी चहा घेताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आत्या, ती ओठ वाचायची ना? मग दिवा लावायचा. काचेशी उभं राहायचं आणि सावकाश बोलायचं. कळेल तिला."

आत्या कपातल्या चहाकडे बघत राहिली.

"कळेल," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"मग दिवा मालवतेस कशाला?"

आत्या उठली. मशीनवर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

पुन्हा तीच वेळ झाली. आत्याने दिवा मालवला. पत्रा हलला. पावलं आली. काचेवर वाफ धरली.

माझ्या बायकोने हात लांब करून दिव्याचं बटन दाबलं.

खोली उजळली. काचेत दोघींची प्रतिबिंबं उमटली आणि त्यांच्या मधोमध ती वाफ. वास घेणं एकदम थांबलं. बाहेर जे कोणी होतं, ते आता आत बघत होतं. वाट बघत होतं. बायको म्हणते, ते तिला अंगावर जाणवलं.

"आत्या, बोल," ती पुटपुटली.

आत्याने दोन्ही हात उचलले...

आणि स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरले.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलले नाहीत. बोटांआडून ती काय म्हणत होती, ते फक्त माझ्या बायकोला ऐकू आलं.

"सांगितलं तर ती कशाला येईल? मग माझ्याकडे कोण येईल गं?"

काचेवरची वाफ सरकली. आता ती माझ्या बायकोच्या चेहऱ्यासमोर आली. बायकोने तोंड उघडलं. सांगणं सोपं होतं. सर्दी कुणालाही होते, तुझी चूक नव्हती, जा आता. पण तिने शेजारी आत्याकडे पाहिलं. इतकी वाळलेली, एवढीशी, तोंड दाबून उभी असलेली.

बायकोने तोंड मिटलं.

मग बाहेर वास घ्यायला सुरुवात झाली. या वेळी घाईघाईने. खिडकीच्या कडांना, भिंतीला, दाराला, पुन्हा खिडकीला. एखाद्या बाईच्या घरात काहीतरी जळतंय आणि सापडत नाहीये, तसं. ते किती वेळ चाललं, ते बायकोला सांगता येत नाही.

हळूहळू ते थांबलं. पावलं गल्ली ओलांडून गेली. आणि कुंपणापलीकडून, जिथे साधी भिंतसुद्धा उरलेली नाही तिथून, दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

बायको एकटीच परत आली. बॅग भरलीच गेली नाही. मला सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तू असतास तर काय केलं असतंस?" मी तोंडाला येईल ते उत्तर दिलं. खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तिथे येतं ते नक्की काय आहे, हेही मला माहीत नाही. नर्सबाई असेल, तर रोज किती जिवाच्या आकांताने येत असेल. नर्सबाई नसेल, तर मग आत्याच्या खिडकीशी कोण येतं? दोन्ही विचारांनी झोप उडते.

आता त्या गल्लीत एकटी आत्याच उरली आहे. आम्ही रोज फोन करतो, अंधार पडायच्या आधी. बायको इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, "आत्या, सांगितलंस का तिला?"

"उद्या सांगते," आत्या म्हणते.

आणि घाईने फोन ठेवते, कारण तिला दिवा मालवायचा असतो.