लांब शिट्टी

अरे, तो दिवा जरा बारीक करा. आणि तू रे, सारखं मागे काय बघतोस? मागे कोणी नाही. अजून तरी नाही.

तर आपला खाणीवरचा मुकादम. त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे. मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. बायको म्हणाली, "माझ्या भावाला जेवायला घेऊन या. पंपाच्या खोलीत घोरत पडला असेल." मेहुण्याची झोप म्हणजे सुरुंगानंही न मोडणारी! मुकादम गळ्यात शिट्टी अडकवून निघाला.

खाणीत हाका कोण मारत बसतो? सगळा कारभार शिट्टीवर. दोन आखूड म्हणजे या. एक लांब म्हणजे पळा, जीव घेऊन पळा. मुकादमाची ही शिट्टी आधी म्हाताऱ्या शिट्टीवाल्याची. त्याच्या आदल्या साली त्यानं सगळ्यांना पळवलं आणि स्वतः कोसळत्या कड्याखाली राहिला. समोरचा दात नव्हता त्याला, म्हणून त्याची लांब शिट्टी शेवटी फाटायची… फुर्रर्र.

मुकादमानं काठावरून दोन आखूड मारल्या.

खालून उत्तर आलं. एक लांब.

"थट्टा करतोय लेकाचा," म्हणत तो उतरायला लागला.

अर्ध्या वाटेत पुन्हा. लांब… आणि शेवटी फुर्रर्र.

मुकादमानं मूठ उघडून पाहिली. शिट्टी तर त्याच्या मुठीत होती.

तेवढ्यात मेहुणा जांभया देत पंपाच्या खोलीच्या दारात आला. "अहो दाजी, काय लावलंय हे? आधी दोन मारता, मग लांब मारता. येऊ की पळू?"

"लांब… मी नाही मारली."

मेहुण्याची जांभई अर्धीच राहिली.



तिसरी शिट्टी. मुकादमाच्या अगदी कानाशी. मानेवर गार फुंकर…

"पळ!"

मेहुणा अनवाणीच सुटला. मुकादमानं त्याला दंडाला धरून वर ओढलं. गळ्यातली दोरी कशात तरी अडकली. तुटली. शिट्टी घरंगळत खाली गेली. मागे वळायची छाती कोणाची?

काठावर पोचले… आणि मागे कडा कोसळला. अख्खा. पंपाची खोली होती की नव्हती, कळेना.

सकाळी दोघं खाणीच्या कचेरीपाशी गेले. दाराशेजारी म्हाताऱ्याचा शिट्टी टांगायचा खिळा आहे. तो गेल्यापासून त्याला कोणी काही टांगत नाही.

खिळ्याला शिट्टी लटकत होती. तुटल्या दोरीला नवी गाठ.

आणि तोंडाशी… ओली.