झुंबरबाईचा आ

मिट तो लॅपटॉप, सार्थक. लाइट गेली, वायफाय मेलं, आता तरी पडद्यातून तोंड बाहेर काढ. मघाशी तुझ्या मागून गच्चीवर येताना तुझी ती यादी पाहिली मी. किती प्लगिन आहेत रे, ती संगणकातली आयती वाद्यं? ... चारशे! आणि उघडलीस किती? ... सहा. वा रे वा. आमच्या वेळी नवशिक्याकडे एक पेटी असायची आणि ती त्याला वाजवता यायची. तुझ्याकडे चारशे वाद्यं, आणि येत एकही नाही. ऋचा, तू हसू नकोस. तू भावाचं ते संगीत ऐकून 'भारी' म्हणतेस, तुझा गुन्हा मोठा.

त्या यादीत एक नाव दिसलं मला. ते मागाहून सांगतो. आधी गोष्ट ऐका. घडलेली आहे, माझ्या माहितीतल्या माणसाच्या बाबतीत घडलेली.

तळेगाव स्टेशनला तुमच्या या श्रीपादकाकाचं चाळीस वर्षं लाउडस्पीकरचं दुकान होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा सुदुंबऱ्याचा गेणू माझ्याकडे असायचा. लग्नात झाडावर चढून भोंगे बांधायचा आणि वरूनच 'हॅलो, हॅलो' ओरडायचा. आता शेती बघतो, कंपनीत पाळी करतो. खोटं रचायला जी अक्कल लागते ती त्याच्याकडे नाही, म्हणून त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास.

गेल्या डिसेंबरची बारा तारीख. शुक्रवार. अमावस्या नव्हती, उगाच डोळे मोठे करू नका. साधी वद्य अष्टमी. रात्री नऊला गेणू माझ्या दारात उभा.

"भाऊ, एक बारका स्पीकर द्या. आत्याला तिचा आवाज ऐकवायचाय."

आत्या म्हणजे झुंबरबाई. ऐंशीच्या पुढची. लवकर विधवा झाली, भावाच्या घरी राहिली, मूलबाळ नाही. पण गळा असा, की पंचक्रोशीत तिच्या गाण्याशिवाय हळद लागायची नाही. तिच्यामागे झील धरायला लहानगा गेणू बसायचा. झील म्हणजे काय, माहीत आहे? ... कुठून असणार! पुढच्या गाणाऱ्याचा दम संपत आला की मागच्यानं तोच सूर उचलायचा आणि खाली आणून टेकवायचा. ओळ मध्येच पडू द्यायची नाही.

ती झुंबरबाई अकरा दिवस अंथरुणाला खिळलेली. पोटात अन्न नाही. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. तोंड उघडं, 'आ' केलेलं, आणि आवाज नाही. छाती फुगलेली, ती खालीच बसेना. जीव जाईना. घरच्यांनी तुळशीपत्र ठेवलं, गंगाजळ घातलं. शेजारची रतनबाई तिच्याशी जन्मभर भांडली, ती येऊन पाया पडून गेली. तरी नाही. मग सगळे एकमेकांना विचारायला लागले, म्हातारीचा जीव अडकलाय कशात? तेव्हा गेणूच्या लेकीला, राजेश्वरीला, आठवलं. आजी दिवाळीपासून सारखी विचारत होती, "त्या पोरानं माजा आवाज नेला, ऐकवाय कवा येनार?"

ते पोर म्हणजे विहंग. तुंगार्लीला तळ्याच्या वरच्या अंगाला बंगला. बापाचा. स्वतःला साउंड डिझायनर म्हणवतो. देवानं आवाज करून ठेवले, हा त्यांचं डिझाइन करणार. गणपतीनंतर माझ्याकडे आला होता. "काका, एखादा रॉ आवाज आहे का? अनट्रेन्ड, मातीतला?" मंडईत मुळा मागावा तसा मागत होता.

पत्ता मीच दिला. ... हो, मीच. तो राग वेगळा आहे, त्याच्यावर नंतर येतो.

तर हा माइक घेऊन सुदुंबऱ्याला गेला. म्हातारी नवं लुगडं नेसून बसली होती, हळदीचं कुठलं गाणं म्हणायचं याचा विचार करून. हा म्हणतो, "मावशी, गाणं नको. फक्त आ. जमेल तेवढा लांब."

"गानं नगं? मग निस्ता आ कशाला? त्यो तर दाताच्या डाक्टराला दावत्यात!"

पण केला तिनं. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत एकेक आ. दर वेळी ती सूर खाली आणून तोंड मिटायला लागली की हा हात वर करायचा, बास. शेवटी ती चिडली. "सूर चढवला तर उतरवाया बी लागतो, बाळा. आसा वर टांगून जाऊ न्हाई."

"तो पार्ट आपण कट करू, मावशी." आणि जाताना चिक्कीचा पुडा दिला. तोंडात एक दात नाही तिच्या, आणि हा चिक्की देतोय! याला म्हणतात मातीतल्या माणसांबद्दलची आस्था.

त्या आवाजांचं त्यानं प्लगिन केलं. तुम्हाला वाटतं म्हाताऱ्याला काय कळतंय. कळतं मला. पेटीला भाता असतो, तो सोडला की सूर मरतो. तुमच्या यंत्राला भाताच नाही. पट्टी दाबली की कुणाचा तरी धरून आणलेला आवाज वाजतो. आता माणसाचा दम बारा-पंधरा सेकंदांत संपणार, आणि यांना सूर हवा तासभर. मग काय करतात? मधला तुकडा घेतात आणि त्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडतात. फिरतोय आपला गोल गोल. घाण्याच्या बैलालासुद्धा संध्याकाळी सोडतात, याला तेही नाही. पट्टीवरून बोट निघेपर्यंत तो श्वास संपत नाही.

असो. स्पीकर दिला मी. जेवून जा म्हटलं, तो नाही म्हणाला. आवाज मागायला विहंगला फोन केले, तो उचलत नव्हता. गेणू मोटरसायकलवरून जुन्या हायवेनं निघाला. कामशेत गेलं, कार्ला फाटा गेला. थंडी होती, पण रस्ता वाहता, ढाब्यांवर गर्दी. भ्यायचं काही कारणच नव्हतं. म्हातारीला तिचा आवाज ऐकवायचा, एवढंच काम.

साडेदहाला तो तुंगार्लीत शिरला. तळ्याच्या कडेला गाडी बंद केली. घर कुठलं ते शोधायला.

आणि ऐकू आलं.

आ...

आत्या. ओळखू न यायला काय झालं? त्या आवाजात वाढलेला माणूस. गेणूला आधी बरंच वाटलं. चला, घर सापडलं. तो फाटकाशी गेला. सूर संपायची वाट बघत उभा राहिला. झीलकरी ना तो, जुनी सवय.

संपेना.

कुत्रं भुंकत नव्हतं. तळ्यावर रातकिडा नाही. काही नाही.

आ...

गेणूच्या लक्षात आलं, आपणही मघापासून श्वास सोडलेला नाही.

दार विहंगनं उघडलं. हातात कॉफी. "अरे गेणूभाऊ! ऐकताय ना? तुमच्या आत्या!"

"कवापासनं वाजतंय ह्ये?"

"दोन तारखेपासून. नॉनस्टॉप! तीस दिवसांचा ड्रोन आहे, म्हणजे एकच सूर सलग, ऑनलाइन लाइव्ह. आत्ता सतरा जण ऐकतायत."

सतरा. पूर्वी आमच्याकडे श्राद्धाच्या जेवणाला याहून जास्त माणसं असायची.

गेणूनं बोटांवर मोजलं. दोन तारखेपासून. अकरा दिवस.

आत टेबलावर पेटीसारख्या पट्ट्या होत्या. एका पट्टीवर वजन ठेवलं होतं. चिक्कीचा पुडा. न फोडलेला. आणि लाल दिवा... आणि तो आवाज.

"बंद करा. पाया पडतो. तिकडं आत्याचा जीव जाईना झालाय."

हा हसला. खरंच हसला हो! गेणूला समजावायला लागला. "हा त्यांचा आवाज नाहीये, हा डेटा आहे. डेटा वेगळा, माणूस वेगळा. सिंपल आहे."

उंटावरचा शहाणा.

गेणूनं पुडा उचलला. पट्टी वर आली.

आवाज थांबला नाही.

"हँग झालं असेल," विहंग म्हणाला. माउस हलवला. मग लॅपटॉप मिटला.

थांबला नाही.

वायर उपटली. स्पीकरचा दिवा गेला. लाल दिवा गेला. अंधार.

आ...

आता तो टेबलातून येत नव्हता. खोलीतून येत होता. डिझायनरसाहेब भिंतीला टेकले. सगळं डिझाइन गळून पडलं.

गेणू पळणार होता. तो मला म्हणाला, "भाऊ, लय भ्यालो. लाज कशाला वाटू? दाराची कडी धरलीती मी." पण त्याच्या कानांनी त्याला पळू दिलं नाही. सूर थरथरत होता. वरच. टांगलेला. म्हातारीचा दम कधीचाच संपला होता... आणि मागून कुणी झील धरत नव्हतं.

चाळीस वर्षांत गेणू गायला नव्हता. हळदीत बायकांमध्ये बसायची लाज वाटायला लागली, तेव्हापासून. घसा बिडीनं खाल्लेला.

त्यानं तोंड उघडलं. सूर लागेना. पुन्हा.

लागला.

तिच्या आवाजाला आवाज चिकटला. मग एक पायरी खाली... तिला धरून. आणखी एक. ती येईना. तो थांबला तिच्यासाठी. मग आली... आणखी एक...

आणि गेणूनं तोंड मिटलं.

...

शांत. तळ्यावर एक रातकिडा किरकिरला.

खिशात फोन वाजला. राजेश्वरी. "आबा... आजी गेली. आत्ता. तोंड आपसूक मिटलं तिनं."

दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. फोनमध्ये अजून आहे, मी स्वतः पाहिलंय.

त्या दिवट्यानं दुसऱ्या दिवशी काय केलं माहीत आहे? ऑनलाइन लिहिलं, तांत्रिक अडचणीमुळे ड्रोन थांबवत आहोत. तांत्रिक अडचण! झुंबरबाई तांत्रिक अडचण झाली.

पण माझी झोप उडाली ती दुसऱ्या कारणानं. दिवाळीतच त्यानं ते प्लगिन फुकट वाटलं होतं. किती घरांत गेलं कोण जाणे. एका बंगल्यातून सुटली, बाकीच्या ठिकाणी काय? माझ्यासारखं गाढव शोधून सापडायचं नाही, तिचा पत्ता मीच दिला त्याला. अजून वाईट वाटतं. ती तिथं अजून टांगलेलीच आहे का, हे कुणाच्या तरी लॅपटॉपवर बघायचं होतं मला. हिंमत नव्हती.

सार्थक, तुझ्या यादीत 'मावळ ग्रॅनी' असं आहे. आजीला ग्रॅनी केलंय. कधी डाउनलोड केलंस? ... दिवाळीत. आणि उघडलंस? ... एकदाही नाही. तुझ्या आळसाचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

उघड लॅपटॉप. बॅटरी आहे ना? लाव ती ग्रॅनी.

दाब. की-बोर्डची कुठलीही पट्टी. मी सांगेपर्यंत बोट काढायचं नाही.

...

तीच आहे.

...

धरून ठेव. घाबरतोस काय? धर.

...

ऋचा, इतका घट्ट धरू नकोस, माझा हात दुखतोय.

...

...उतरतोय.

...

थांबला.

सार्थक, बोट काढलंस तू? ... बघू. फोनच्या उजेडात बघू दे.

पट्टीवरच आहे.

आणि शेवटी तिच्या खालून एक पुरुषाचा आवाज आला... तुम्हीही ऐकलात ना? घोगरा, बिडीनं खाल्लेला. तो आवाज मी झाडावरून 'हॅलो, हॅलो' करताना ऐकलाय.

फाइलला शेवटचा हात कधी लागला ती तारीख बघ, सार्थक. ... मोठ्यानं वाच.

... ऑक्टोबर.